उतारा आणि दाणा: स्फटिकीकरणाच्या अध्यापनाविषयी खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्र व गोव्यातील विद्यापीठांच्या रसायन अभियांत्रिकी अभ्यासमंडळांचे सदस्य आणि या विषयाचे अध्यापक यांस,



स्फटिकीकरण म्हणजे द्रावणात विरघळलेला पदार्थ दाण्यांच्या रूपात बाहेर काढणे. उरण-पेणच्या मिठागरांत ते उन्हावर होते, साखर कारखान्यात निर्वात पॅनमध्ये होते आणि तारापूर, कुरकुंभ, लोटे-परशुराम इथल्या औषधी रसायनांच्या कारखान्यांत जॅकेटच्या रिअॅक्टरमध्ये होते. जागा कोणतीही असो, बॅच संपली की दोन प्रश्न विचारले जातात: माल किती निघाला आणि दाणा कसा आला? साखर पट्ट्यात रोज कानावर पडणारा ‘उतारा’ हा शब्द इथे पहिल्या प्रश्नासाठी घेतला आहे. दुसऱ्यासाठी ‘दाणा’ पुरेसा आहे. अभियांत्रिकीच्या प्रयोगशाळेत आज फक्त उतारा शिकवला जातो. दाणा शिकवायचा असेल तर आभासी प्रयोगांना प्रात्यक्षिकांत मानाचे स्थान द्यावे लागेल, आणि ते प्रयोग आजच्यापेक्षा वेगळ्या रीतीने रचावे लागतील. अभ्यासमंडळांपुढे हाच विषय मांडायचा आहे.

आधी सध्याचे प्रात्यक्षिक पाहू. बहुतेक महाविद्यालयांत स्वेन्सन-वॉकर क्रिस्टलायझर असतो: अर्धगोल तळाची उघडी लांबट कुंडी, बाहेरून थंड पाण्याचे जॅकेट, आत मिनिटाला काही फेरेच घेणारा फितीसारखा मळसूत्री ढवळा. गरम संपृक्त द्रावण एका टोकाने सोडायचे, दुसऱ्या टोकाला स्फटिक गोळा करायचे, गाळायचे, वाळवायचे, वजन करायचे. मग द्राव्यतेच्या तक्त्यावरून सैद्धांतिक उतारा काढायचा, प्रत्यक्षाशी ताडायचा, उष्णतेचा ताळेबंद मांडायचा आणि जर्नलवर सही घ्यायची. हे सगळे बरोबर आहे, आवश्यकही आहे. पोटॅशियम नायट्रेट १०० ग्रॅम पाण्यात ६० अंश सेल्सियसला सुमारे ११० ग्रॅम विरघळते आणि २० अंशांना सुमारे ३२ ग्रॅम; म्हणजे थंड करून ७८ ग्रॅम मिळायला हवे. साध्या मिठाचे आकडे याच दोन तापमानांना सुमारे ३७ आणि ३६. ते थंड करून मिळणारच नाही, पाणी उडवावे लागेल. मिठागरांना ऊन का लागते ते एवढ्यावरून कळते. पण हे सारे गणित समतोलाचे आहे. सुरुवात कुठे आणि शेवट कुठे एवढेच त्याला ठाऊक असते. मधल्या वाटेची त्याला गरज नसते.

दाणा ठरतो तो नेमका मधल्या वाटेवर. तेच द्रावण अर्ध्या तासात थंड केले काय आणि सहा तासांत केले काय, उतारा जवळपास सारखाच येतो. हाती मात्र एकदा पिठासारखा गाळ येतो, तर एकदा वाळूसारखा मोकळा, चमकदार माल. गाळ फिल्टरच्या कापडात बसतो, पोटात मूळ द्रावण धरून ठेवतो, त्याबरोबर अशुद्धीही धरतो, आणि वाळल्यावर ढेकळे होतात. वाळूसारखा माल सेंट्रिफ्यूजमध्ये काही मिनिटांत कोरडा होतो. साखरेची एस-३० आणि एम-३० ही बाजारातली दोन नावे दाण्याच्या आकारानेच वेगळी झाली आहेत. औषधाच्या बाबतीत दाण्याच्या आकारावर गोळी नीट दाबली जाईल की नाही आणि पोटात किती वेगाने विरघळेल, हे अवलंबून असते. कारखान्यातल्या अडचणी बहुधा या बाजूच्या असतात, आणि तिथे नव्याने रुजू झालेला पदवीधर नेमका इथेच गप्प होतो, कारण त्याच्या जर्नलात या प्रश्नाला पानच नव्हते.

वाटेवर काय घडते ते घरातल्या तुपात दिसते. कढवलेले तूप झाकून, हलवाहलव न करता सावकाश निवू दिले की रवाळ होते. तेच पातेले गार पाण्यात ठेवले की गुळगुळीत, मलमासारखे होते. पदार्थ तोच, वजन तेच, रवा मात्र वेगळा. कारण असे: द्रावण संपृक्ततेच्या रेषेखाली थंड झाले की लगेच स्फटिक पडतातच असे नाही. रेषेच्या खाली एक पट्टा असतो, त्याला मेटास्टेबल झोन म्हणतात. या शतकभराहून जुन्या कल्पनेच्या मुळाशी ओस्टवाल्ड आणि मायर्स यांचे काम आहे. या पट्ट्यात असलेले दाणे वाढतात, पण नवे दाणे सहसा जन्मत नाहीत. पट्टा ओलांडला की नव्या केंद्रकांचा पाऊस पडतो. अतिसंपृक्तता थोडी वाढली की दाण्यांची वाढ थोडी वाढते. जन्मदर मात्र कित्येक पटींनी उसळतो. घाईने थंड करणे म्हणजे जन्माला खतपाणी घालणे आणि वाढीला उपाशी ठेवणे. खडीसाखर करणारे पाकात दोरा सोडून ठेवतात आणि भांडे हलवत नाहीत, ते हेच टाळण्यासाठी. साखर कारखान्यातला पॅनमनही हेच करतो. अल्कोहोलमध्ये बारीक दळलेल्या साखरेची स्लरी ठरावीक क्षणी पॅनमध्ये सोडतो, काचेच्या पट्टीवर नमुना घेऊन उजेडात धरतो, आणि दाण्यांमध्ये धुरळा दिसला, म्हणजे ‘फॉल्स ग्रेन’ पडले, की पाणी देऊन ते विरघळवतो. वर्षानुवर्षांच्या सरावाने आलेले हे ज्ञान आहे. विद्यार्थ्याच्या वाट्याला दोन तासांचे एक प्रात्यक्षिक येते.

हे दोन तास मोठी अडचण आहेत. थंड करण्याच्या तीन पद्धती ताडून पाहायच्या तर तीन बॅचा हव्यात, आणि त्यातली चांगली बॅच मुळातच सावकाश चालणारी. चंचुपात्रातले द्रावण एकदा दुधाळ झाले की आत काय चालले आहे ते डोळ्याला दिसत नाही. आत बुडवून दाणे मोजणारी लेसरची उपकरणे असतात, पण ती इतकी महाग की पदवीच्या प्रयोगशाळेत विरळाच. सतत चालणाऱ्या क्रिस्टलायझरची गोष्ट तर आणखी कठीण. तो स्थिर होण्यासाठी निवासकाळाच्या साधारण आठ-दहा पट वेळ द्यावा लागतो. अर्ध्या तासाचा निवासकाळ धरला तरी चार-पाच तास गेले, आणि त्यानंतर खरे वाचन सुरू. म्हणून रॅन्डॉल्फ आणि लार्सन यांची संख्या-ताळेबंदाची पद्धत वर्गात फळ्यावर येते, लघुगणकी आलेखावर सरळ रेष काढली जाते, तिच्या उतारावरून वाढीचा वेग काढायचे सूत्र पाठ होते, आणि ती रेष खऱ्या दाण्यांतून कधीच निघत नाही. संगणकावर हे पाच तास पाच सेकंदांत बसतात.

आभासी प्रयोगाचा गाभा तसा लहान आहे. दाण्यांच्या आकारमानाच्या वाटपाचे पूर्ण समीकरण सोडवायची पहिल्याच दिवशी गरज नसते. एकूण संख्या, एकूण लांबी, एकूण पृष्ठभाग आणि एकूण घनफळ या चार बेरजा आणि द्रावणाची संहती एवढी पाच साधी समीकरणे पुरतात. प्रत्येक बेरजेची वाढ तिच्या आधीच्या बेरजेवर अवलंबून असते: घनफळ किती वेगाने वाढेल हे पृष्ठभाग सांगतो, पृष्ठभागाचे लांबी सांगते, लांबीचे संख्या सांगते. ही साखळी समजली की विषय निम्मा समजला. सायलॅबमध्ये ती पानभर मजकुरात मावते, धीर असेल तर एक्सेलच्या तक्त्यातही. मॅककेबने १९२९ साली मांडलेला नियम, म्हणजे सारखे स्फटिक लहान असोत वा मोठे, सारख्याच वेगाने वाढतात, इथे गृहीत धरला जातो; तो कुठे मोडतो हे पुढे दाखवता येते.

एक प्रयोग जवळून पाहावा असा आहे. एक किलो पाणी, ६० अंशांना संपृक्त पोटॅशियम नायट्रेट, शेवट २० अंशांवर. एकूण ७८० ग्रॅम माल अपेक्षित. त्यात १०० मायक्रॉनचे, म्हणजे मिलिमीटरच्या दहाव्या भागाचे, ७.८ ग्रॅम बीज टाकायचे. दाणे घनाकार मानले तर या चिमूटभर बिजात सुमारे ३७ लाख दाणे असतात. नवा दाणा एकही जन्मला नाही, तर सगळा माल या ३७ लाखांवरच बसेल. वजन शंभरपट झाले की लांबी शंभराच्या घनमुळाइतकी, म्हणजे साडेचारपटीच्या वर वाढते, आणि दाणा सुमारे ४६५ मायक्रॉनचा होतो. हे उत्तर विद्यार्थ्याने संगणक उघडण्याआधी कागदावर काढलेले असावे. मग पृष्ठभागाचा हिशेब करावा: सुरुवातीला सगळ्या बिजांचा मिळून सुमारे ०.२२ चौरस मीटर, शेवटी सुमारे ४.८. म्हणजे सुरुवातीला पदार्थ बसायला जागाच नसते. आणि जॅकेटमध्ये सरळ थंड पाणी सोडले तर द्रावण सर्वांत वेगाने नेमके तेव्हाच थंड होते, कारण तापमानातला फरक तेव्हा सर्वांत मोठा असतो. जागा कमी असताना पाहुणे लोटले की ते मांडवाबाहेर बसतात. इथे ते नवे केंद्रक होऊन बसतात. एका बिजामागे असे दहा जगले तर त्याच ७८० ग्रॅमचे वाटेकरी अकरापट होतात आणि सरासरी दाणा ४६५ वरून सुमारे २१० मायक्रॉनवर येतो. उतारा तोच राहतो.

यावरचा उपाय मलिन आणि निव्हल्ट यांनी १९७१ साली दाखवला: सुरुवातीला अगदी सावकाश, पुढे वेगाने थंड करायचे. सोप्या रूपात ती वेळेच्या घनाची रेषा आहे. दोन तासांची बॅच असेल तर पहिल्या तासात ४० पैकी फक्त ५ अंश उतरायचे, दीड तासाला ४३ अंशांवर यायचे, आणि उरलेले २३ अंश शेवटच्या अर्ध्या तासात. पहिल्यांदा पाहणाऱ्याला हे उलटे वाटते. आभासी प्रयोगात नैसर्गिक, सरळ आणि घनरेषी अशा तिन्ही वाटा एकाखाली एक चालवल्या, आणि प्रत्येकीत अतिसंपृक्ततेची रेघ पट्ट्याच्या आत राहते की बाहेर उसळते हे पाहिले, की ते उलटे वाटणे थांबते. ही समज व्याख्यानातून इतकी पक्की येत नाही.

आता दोष. आज आभासी प्रयोग म्हणून जे चालते, त्यातले पुष्कळसे चित्रफितीसारखे आहे. बटण दाबले, चंचुपात्र भरले, स्फटिक चमकले, आकडा आला, तो जर्नलात उतरला. त्यात चुकायची सोयच नसते. ६२ अंशांना बीज टाकले तर ते विरघळून गेले पाहिजे, आणि बीज टाकले म्हणून निर्धास्त राहिलेल्या विद्यार्थ्याला ४५ अंशांवर अचानक धुरळा पडताना दिसला पाहिजे. बीज फार कमी टाकता आले पाहिजे, ढवळा फार जोरात फिरवून दाणे एकमेकांवर आपटवता आले पाहिजेत. दाण्यांच्या आपटण्यातूनही नवे केंद्रक जन्मतात, आणि कारखान्यातले बरेचसे असेच जन्मतात. जी आज्ञावली फक्त योग्य आकडे स्वीकारते ती पाठ्यपुस्तकाचेच दुसरे रूप आहे. तिच्यासाठी संगणकाची खोली उघडायचे कारण नाही.

दुसरा दोष अधिक खोल आहे. बहुतेक आज्ञावल्या प्रत्येक वेळी तेच उत्तर देतात. केंद्रकाचा जन्म मात्र योगायोगाचा मामला आहे. एकाच द्रावणाने भरलेल्या वीस परीक्षानळ्या एकाच पाण्यात ठेवल्या तर एखादीत दहा मिनिटांत स्फटिक पडतो, दुसरी दोन तास स्वच्छ राहते. हे निष्काळजीपणाने घडत नाही. निसर्गच तसा आहे, आणि त्याला नियम आहे. वाट पाहण्याचा सरासरी काळ जन्मदर आणि आकारमान यांच्या गुणाकाराच्या व्यस्त प्रमाणात असतो. आकारमान दहापट केले की सरासरी वाट दहाव्या हिश्शावर येते. प्रयोगशाळेतली १०० मिलिलिटरची कुपी तासभर स्वच्छ राहिली आणि कारखान्यातला ५००० लिटरचा रिअॅक्टर त्याच तापमानाला लगेच दुधाळ झाला, याचा उलगडा या एका गुणाकारात बराचसा होतो. म्हणून आज्ञावलीत योगायोग असलाच पाहिजे. वीस विद्यार्थ्यांची तुकडी, प्रत्येकाच्या पडद्यावर तीच सामग्री, आणि प्रत्येकाची वेळ वेगळी. वेळा फळ्यावर चढत्या क्रमाने लिहायच्या, किती टक्के नळ्यांत किती वेळात स्फटिक पडले याचा आलेख काढायचा आणि त्यातून जन्मदर काढायचा. शेजाऱ्याचे उत्तर उतरवून घेण्याची सवयही इथे निरुपयोगी ठरते, कारण शेजाऱ्याचे उत्तर खरेच वेगळे असते.

आभासी प्रयोगाला मर्यादा आहेत, आणि त्या शिकवण्याचाच भाग झाल्या पाहिजेत. आज्ञावलीला जेवढे सांगितले तेवढेच तिला माहीत असते. रिटोनाविर या एचआयव्हीवरील औषधाची गोष्ट प्रत्येक वर्गात सांगावी अशी आहे. १९९६ साली ते बाजारात आले. १९९८ मध्ये त्याच्या कॅप्सूल विरघळण्याच्या चाचणीत अनपेक्षितपणे नापास होऊ लागल्या. त्याच रेणूची, तोवर न दिसलेली, अधिक स्थिर आणि कमी विरघळणारी स्फटिकरचना अवतरली होती. कॅप्सूलचा पुरवठा थांबवून औषधाचे रूप बदलावे लागले, आणि ज्यांचे जगणे त्या औषधावर होते त्यांची फार ओढाताण झाली. कोणत्याही वर्गातली आज्ञावली ही दुसरी रचना स्वतःहून दाखवू शकली नसती. तसेच जॅकेटच्या भिंतीवर बसणारी खपली, दाण्यांचे गुच्छ होणे, सुयांसारख्या स्फटिकांनी गच्च झालेला फिल्टर, ओल्या मालाचा बोटांना होणारा स्पर्श, यातले काही पडद्यावर येत नाही. पॅनमनची काचेची पट्टीही येत नाही.

म्हणून मागणी प्रत्यक्ष प्रयोग काढून टाकण्याची मुळीच नाही. प्रयोगशाळेचा खर्च वाचवण्यासाठी आभासी प्रयोग वापरले गेले तर विद्यार्थ्याचे नुकसानच होईल. ही भीती अनेक अध्यापकांच्या मनात आहे आणि ती खरी आहे. अभ्यासक्रमात आभासी प्रयोग लिहिताना त्याला जोडलेला प्रत्यक्ष प्रयोगही त्याच ओळीत लिहिला जावा, म्हणजे एक दुसऱ्याच्या जागी बसवता येणार नाही.

साधने हाताशी आहेत. केंद्राच्या व्हर्च्युअल लॅब्ज प्रकल्पात आयआयटी मुंबई आणि पुण्याचे सीओईपी हे दोघेही सहभागी आहेत. आयआयटी मुंबईचा फॉसी प्रकल्प सायलॅब, पायथन आणि डीडब्ल्यूसिम यांसारखी मोफत साधने महाविद्यालयांपर्यंत नेतो, आणि स्पोकन ट्युटोरियलचे पाठ मराठीतही आहेत. नवी खरेदी लागत नाही. लागतो तो अध्यापकांचा वेळ, आणि आज्ञावलीचा मजकूर खुला ठेवण्याचा आग्रह, कारण विद्यार्थ्याला समीकरण उघडून बदलता आले नाही तर तो पुन्हा बटण दाबणाराच राहील. सूचना मराठीतही असाव्यात. ‘अतिसंपृक्तता’ कळायला ज्याला अडचण नाही तो ‘सुपरसॅच्युरेशन’ही लवकर आपलेसे करतो; गोंधळ होतो तो दोन्ही शब्द फक्त पाठ असले की. आणि पडदा मोबाइलचा असेल हे धरूनच रचना व्हावी, कारण ग्रामीण महाविद्यालयातल्या बहुतेक मुलांजवळ तोच असतो.

गुणांची वाटणी बदलल्याशिवाय यातले काही टिकणार नाही. आज गुण अचूक आकड्याला मिळतात, म्हणून आकडा जुळवला जातो. आभासी प्रयोगात गुण अंदाजाला आणि अंदाज चुकल्याच्या कारणमीमांसेला असावेत. व्हायवामध्ये ‘उतारा किती आला’ याच्या जोडीला ‘बीज निम्मे केले असते तर दाणा किती मोठा झाला असता, आणि प्रत्यक्षात तो तेवढा का झाला नसता’ हा प्रश्न यावा.

अभ्यासमंडळांपुढे ठेवलेली रचना तीन बैठकांची आहे. पहिल्या बैठकीत कागदावर बिजाचा आणि पृष्ठभागाचा हिशेब, त्यानंतर आभासी प्रयोगात थंड करण्याच्या तीन वाटा आणि निदान एक मुद्दाम बिघडवलेली बॅच. दुसऱ्या बैठकीत परीक्षानळ्या: आधी पडद्यावर वीस, मग टेबलावर तुरटीच्या द्रावणाच्या खऱ्या वीस, आणि दोन्ही आलेख एकाच कागदावर. तिसरी बैठक चंचुपात्राची. त्यात तुकडीचे दोन गट करावेत. एकाने बर्फाच्या पाण्यात घाईने थंड करावे, दुसऱ्याने बीज टाकून घनरेषेने. दोन्ही माल एकाच प्रकारच्या फिल्टर कागदावर गाळावेत आणि गाळायला लागलेला वेळ घड्याळावर मोजावा. शेवटी दोन्हींतला चिमूटभर माल काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवावा, पन्नास दाण्यांची लांबी मोजावी आणि ती पहिल्या दिवशी कागदावर काढलेल्या आकड्याशेजारी लिहावी.

कळावे,
रसायन अभियांत्रिकीचा एक अध्यापक